पेरलं तिथंच

आमच्याकडे पीक तरव्यापासून सुरू होतं. भाताचा तरवा काढून लावायचा, मिरची-वांग्याची रोपं म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून आणून वाफ्यात बसवायची, सुपारीचं रोपसुद्धा आधी वेगळ्या जागी वाढवून मग कुळागरात न्यायचं. त्यामुळे पेडणे-डिचोलीच्या माणसाचा हात लावणीला सरावलेला असतो. जागा चुकली, सावली आडवी आली, तर रोप मातीच्या गड्ड्यासकट उचलायचं आणि दुसरीकडे लावायचं. गाजराला हे चालत नाही. त्याचं मूळ हेच पीक. रोप हलवलं की मुळाचं टोक दुखावतं आणि पुढे त्याला दोन-तीन पाय फुटतात. म्हणून गाजर पेरायचं, आणि पेरलं तिथंच शेवटपर्यंत राहू द्यायचं. परसात रंगीत गाजरं करू लागल्यापासून माझं मत पक्कं होत गेलंय की या पिकातली बहुतेक मेहनत आणि अक्कल बी मातीत पडायच्या आधीच लागते.

माझं माहेर पेडण्यातल्या किनारपट्टीचं, मांद्र्याचं. तिथली माती रेताड. ओतलेलं पाणी क्षणात खाली जातं, पण मूळही तसंच सरळ खोल उतरतं. सासर डिचोलीत, डोंगराच्या पायथ्याशी. इथे कुदळ घातली की आधी खडे वाजतात. जांभ्याची लाल माती पावसात चिकट आणि उन्हात विटेसारखी. वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस तिच्यातला चुना आणि पालाश धुऊन नेतो, म्हणून ती आम्लही असते. गाजराच्या कोवळ्या मुळाला वाटेत छोटा खडा भेटला तरी ते तिथेच फाटतं.

तेव्हा वाफ्याचं काम दिवाळीआधीच सुरू होतं. हातभर खोल खणायचं, निघालेली माती वाळूच्या चाळणीतून चाळायची, तिच्यात तिसरा हिस्सा रेती मिसळायची. शेणखत वर्षभर कुजलेलं, तेही बेताचं. ताजं शेण पडलं तर पाला माजतो आणि मुळाला फाटे फुटतात. चुलीतली राख मात्र सढळ हाताने, कारण तिने आम्लपणा कमी होतो आणि पालाशही मिळतं. वाफा जमिनीपासून वीतभर उंच. सासूबाई म्हणायच्या, ‘‘एवढी माती चाळतेस, तेवढ्यात तांबड्या भाजीचे दोन वाफे झाले असते.’’ खरंच होतं ते. तांबडी भाजी नुसती विखरून पेरली तरी उगवते. ज्यांना एवढं खणायला जागा नाही, त्यांनी फूटभर खोल, तळाला भोकं असलेलं पिंप घ्यावं. त्यात भरलेल्या मातीत खडा राहिला तर दोष आपलाच, एवढाच फरक.

दुसरा निर्णय रंगाचा, आणि तो थंडीशी बांधलेला आहे. गाजराला रंग उत्तम भरतो तो 15 ते 20 अंश सेल्सिअसच्या आसपास. आमच्या जानेवारीत पहाटे पारा कसाबसा 20 अंशांपर्यंत उतरतो आणि दुपारी 32वर चढतो. परदेशी पाकिटांतली जांभळ्या-पिवळ्या-पांढऱ्यांची मिश्रणं बहुधा थंड प्रदेशासाठी निवडलेली असतात. इथे त्यांचा पाला देखणा येतो. मूळ फिकट आणि चिवट निघतं. देशी, म्हणजे आशियाई गटातली गाजरं उष्णता जास्त सोसतात. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेची लाल ‘पुसा रुधिरा’, काळी ‘पुसा असिता’ आणि नारिंगीत ‘पुसा मेघाली’ या जाती मी त्यासाठीच धरल्या. लाल रंग लायकोपीनचा, काळा-जांभळा अँथोसायनिनचा, नारिंगी बीटा-कॅरोटीनचा. लोकांना काळं गाजर ही नवी हौस वाटते. वास्तविक हजारेक वर्षांपूर्वी अफगाणिस्तानाच्या बाजूला लागवडीत आलेली गाजरं जांभळी आणि पिवळीच होती. नारिंगी गाजराचं बस्तान हॉलंडमध्ये सतराव्या शतकाच्या सुमारास बसलं. बेळगावहून घाट उतरून आमच्या फलोत्पादन महामंडळाच्या गाड्यांवर येणारं नारिंगी गाजर हे या कुळातलं धाकटं.

पेरणी नोव्हेंबरात, पाऊस पुरता गेल्यावर आणि पहाटे दंव पडू लागल्यावर. एका ग्रॅममध्ये सातशे-आठशे बिया बसतात, म्हणून बी कोरड्या रेतीत मिसळून ओळीत सोडते. वर जेमतेम एक सेंटिमीटर माती. प्रत्येक रंगाची ओळ वेगळी. मिश्रण पेरलं तर विरळणीत कुठला रंग उपटला आणि कुठला राहिला, याचा पत्ता लागत नाही. ओळीत मधेमधे मुळ्याचं बी टाकते. मुळा तीन-चार दिवसांत वर येतो, ओळ दाखवतो आणि मातीवर धरलेला पापुद्रा फोडतो. गाजर त्यानंतर आठवड्याने, कधी दोन आठवड्यांनी. तोवर वाफ्यावर ओलं गोणपाट आणि सकाळ-संध्याकाळ झारीचं पाणी. या दिवसांत वरची माती एकदा वाळली की उगवण गेलीच. पहिला कोंब दिसला की गोणपाट त्याच संध्याकाळी काढायचं, आणि मग मोरांसाठी वाफ्यावर जाळं ताणायचं.

विरळणी मनाविरुद्ध करावी लागते. तीन-तीन इंचांवर एकच रोप ठेवायचं, बाकीची उपटण्याऐवजी कात्रीने कापायची. उपटताना शेजारचं मूळ हलतं. पुढे गाजराचं डोकं मातीवर आलं तर ते हिरवं आणि कडवट होतं, म्हणून मातीची भर द्यायची. पाण्यात खंड पडून एकदम भरपूर पाणी मिळालं तर गाजर उभं तडकतं. एवढं सांभाळलं की तीन-साडेतीन महिन्यांत, फेब्रुवारीतला उकाडा वाढायच्या आत, काढणी.

लाल गाजर कच्चं खाण्यात गोड. काळ्याचं वागणं निराळं. किसताना बोटं जांभळी होतात, लिंबू पिळलं की कोशिंबीर लालभडक. खतखत्यात मात्र ते घालू नये. बटाटा, सुरण, शेवग्याची शेंग, सगळ्यांवर त्याचाच रंग चढतो आणि घरचे ताटाकडे संशयाने पाहतात.

माहेरच्या शेजारी हरमल. तिथल्या मिरचीला 2021 साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्यामागे घरोघरी निवडून, वाळवून, जपून ठेवलेलं बी आहे. गाजराचं बी मला असं जपता येत नाही. फुलोऱ्यावर यायला त्याला जी थंडी लागते ती इथे पडत नाही, आणि फुललंच तरी मधमाश्या शेजारच्या ओळींतल्या रंगांची सरमिसळ करतील. त्यामुळे दरवर्षी पाकीट नवं. वाफा मात्र दर हंगामाला सुधारतो. गाजरं निघाली की त्याच चाळलेल्या मातीत भेंडी पेरते, पावसाळ्यात तवशीचा वेल सोडते, आणि ऑक्टोबरात पुन्हा चाळण घेऊन बसते तेव्हा खडे आधीपेक्षा कमी निघतात. डिचोलीच्या जमिनीत ज्यांना गाजर करायचंय, त्यांनी पहिल्या वर्षीच्या टोपलीवरून निकाल लावू नये. तिसऱ्या वर्षीची माती हातात घेऊन बघावी.