डावा कोपरा

क्रिकेटचा संघ जाहीर झाला, की दुसऱ्या दिवसापासून त्याची चिकित्सा सुरू होते. सलामीला कोणाला पाठवावे, यष्टीमागे कोणाला उभे करावे, अमक्याला वगळले ते बरे झाले की वाईट, यावर आमच्या गावात पारावर बसलेली, आयुष्यात बॅट हाती न धरलेली मंडळीसुद्धा तासन्‌तास बोलतात. कबड्डीच्या संघाच्या वाट्याला हे भाग्य फारसे येत नाही. त्यातून तो संघ चकलांब्यासारख्या गावातला, शाळेचा आणि तोही मुलींचा असेल, तर त्याची चिकित्सा करायला कोण येणार? म्हणून ते काम दरवर्षी मीच करते. आषाढ सरत आला, मैदानावरची ढेकळे पावसाने बसली, की मी एक जुनी वही काढते, एका पानावर सात चौकोन आखते आणि कोणत्या चौकोनात कोण, याचा विचार करीत बसते. कादंबरीला हात घालण्यापूर्वी पात्रांची जुळवाजुळव करताना मला जो आनंद होतो, अगदी तोच या वहीत मिळतो. फरक एवढाच, की कादंबरीतले पात्र माझ्या परवानगीवाचून गाव सोडून जात नाही.

ज्यांनी लहानपणी अंगणात हुतुतू खेळून गुडघे फोडून घेतले असतील, त्यांना वाटेल, यात कसले आले चौकोन? दम घुमवीत जायचे, शिवायचे आणि पळून यायचे! पण तो हुतुतू १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाबरोबर बर्लिनला जाऊन आला, १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत जाऊन बसला, आणि २०१४ पासून तर रात्रीच्या जेवणाच्या वेळी दूरचित्रवाणीवर दिसू लागला. आता त्याचे पक्के शास्त्र झाले आहे. सात जणी मैदानात, पाच बाहेर राखीव. सात जणींची कमान. तिच्या दोन टोकांना दोन कॉर्नर, त्यांना लागून दोन इन, मग दोन कव्हर आणि मधोमध सेंटर. नावे इंग्रजी आहेत खरी. पण आमच्या मुली ती चूल-तवा म्हणावे इतक्या सहजपणे उच्चारतात.

यंदा चढाईची मला काळजी नाही. उजव्या इनला उभी राहणारी दहावीतली मुलगी शेतवस्तीवरून पायी येते, आणि पायी म्हणजे पळतच येते. तिचे पाय लांब आहेत आणि परतताना तिला शिवणे वाऱ्याला शिवण्यासारखे आहे. दोष एकच : टाळ्यांची आवड. बायका पाण्याला जाताना कुंपणाशी थांबल्या, की ही त्यांच्याकडे बघत चढाई करते आणि निदानरेषा न ओलांडताच ऐटीत परत येते. पंचाने बाद दिले, की “बाई, मी तर गेले होते,” म्हणून माझ्याकडे दाद मागते. तिला मी सांगितले आहे, की तालुक्याच्या सामन्यात तुझ्या ओळखीची एकही बाई येणार नाही. त्यामुळे ती खट्टू झाली. पण तिच्या खेळाला ते मानवेल असे दिसते.

डाव्या इनची चढाई अगदी निराळी. ही ठेंगणी, सावकाश, जणू काही सांडेल अशा बेताने जाणारी. समोर सहा किंवा सात जणी असतील, तरच बोनस रेषेवर गुण मिळतो. तोही एक पाय रेषेपलीकडे टेकून दुसरा हवेत असेल तेव्हा. गणितात या मुलीची आणि माझ्या सहकाऱ्यांची गेली तीन वर्षे झटापट चालू आहे. मात्र समोर सहा उरल्या की पाच, हे तिला पाठ फिरवलेली असतानाही कळते.

सेंटरला आमची कर्णधार. तिच्याविषयी लिहिण्यासारखे थोडे आहे आणि हीच तिची थोरवी. ती बोलत नाही, चिडत नाही, आणि सामना संपला की पाण्याची कळशी पहिल्यांदा दुसऱ्यांपुढे करते. अशा माणसावर कादंबरी लिहिता येत नाही, पण संघ चालतो.

कव्हरच्या दोन जागांवर दोन चुलत बहिणी आहेत. त्यांच्या घरांत बांधावरून गेली कित्येक वर्षे अबोला आहे. एका घरचा गूळ दुसऱ्या घरी जात नाही. शाळेतसुद्धा त्या वेगवेगळ्या बाकांवर बसतात. पण चढाई करणारी मुलगी आत शिरली, की एकीने वाट अडवायची आणि दुसरीने खांद्याने धडक देऊन तिला मैदानाबाहेर घालवायचे, हे त्यांना एकमेकींकडे न बघता साधते. मी या जागांपुढे वहीत काहीच लिहिले नाही. जमलेल्या गोष्टीला शब्दांची दृष्ट लागते.

उजवा कॉर्नर कच्चा आहे. जागेवरची मुलगी उतावळी. पाहुणी दारात आली नाही तोच ही तिच्या पायाशी. कॉर्नरने वाट बघायची असते. तिला धीर शिकवावा म्हणून मी एकदा सगळ्यांना जकार्ताची गोष्ट सांगितली. २०१० आणि २०१४ या दोन्ही आशियाई स्पर्धांत भारताच्या मुलींनी सुवर्णपदक जिंकले होते. २०१८ साली जकार्ताला मात्र अंतिम सामन्यात इराणने त्यांना २७-२४ असे हरवले. आणि त्या इराणी मुलींना शिकविणाऱ्या प्रशिक्षक कोण? आपल्या नाशिकच्या शैलजा जैन! परक्या मुलखात, परक्या भाषेत एका मराठी बाईंनी संघ उभा केला, हे सांगताना माझा कंठ जरा दाटून आला होता. उजव्या कॉर्नरने हात वर केला. “बाई, मग आपण जिंकलो का हरलो?” मी पाच वर्षे पुढे उडी मारली आणि २०२३ साली हांगझोऊला आपल्या मुलींनी चिनी तैपेईवर २६-२५ अशी, एका गुणाने मात करून सुवर्णपदक परत मिळवल्याचे सांगितले. त्याबरोबर सगळ्यांचे समाधान झाले. धीराचा मुद्दा तेवढा राहून गेला.

वजनाचे म्हणाल, तर शालेय स्पर्धेत वजनाची मर्यादा असते आणि मोठ्या गावांचे संघ काट्यावर चढताना श्वास रोखतात. आमच्या संघाला काट्याची भीती कधीच वाटलेली नाही. भीती वाटते ती मॅटची. आमचे मैदान काळ्या मातीचे. पावसात ती तळव्यांना पोळीसारखी चिकटते आणि उघडीप पडली की भेगाळते. फक्कीने आखलेली रेषा दुपारपर्यंत टिकली तर नशीब. मुली अनवाणी खेळतात. वरच्या सामन्यांत मॅट असते, तिच्यावर बूट लागतात, आणि बूट घातले की आमच्या निम्म्या मुली सासरी आल्यासारख्या चालू लागतात.

आता डावा कॉर्नर. ही वही मी खरे म्हणजे त्या एका चौकोनासाठी उघडते.

चढाईला येणाऱ्या बहुतेक मुली उजव्या हातापायाच्या असतात. त्यांची उजवी बाजू म्हणजे समोर तोंड करून उभ्या असलेल्या आपली डावी. म्हणजे येणारे संकट बहुधा प्रथम डाव्या कॉर्नरकडेच येते. तिने मागच्या रेषेजवळ कमरेत वाकून, हात खाली सोडून उभे राहायचे. समोरच्या मुलीने बोनससाठी पाय लांबवला, की त्याच क्षणी घोटा धरायचा. क्षणभर आधी हात गेला तर ती सावध होते, क्षणभर उशिरा गेला तर गुण घेऊन जाते. उरलेल्या सहा जणींनी कितीही पराक्रम केला, तरी डावा कॉर्नर ढिला असला की संघ फाटक्या पोत्यासारखा त्या टोकाने गळू लागतो.

आमच्या डाव्या कॉर्नरला गळती नाही. नववीतली मुलगी आहे. रोडकी, दंडाला मांस नाही. पण तिच्या हातात घोटा आला, की तो सुटत नाही. हे तिला कोणी शिकवले, असे मला बाहेरगावचे एक क्रीडाशिक्षक विचारत होते. मी नुसती हसले. ऊस जमिनीलगत तोडावा लागतो. साखर बुडाशी जास्त असते आणि खुंट ठेवला तर ओरडा बसतो. गेले दोन हंगाम ती आईबापांबरोबर फडात होती. वाकून, डाव्या हाताने उसाचे बूड धरून, उजव्या हाताने कोयता चालवायचा. त्या मुलीची नजरच खाली राहायला शिकली आहे. तिला चेहरे दिसत नाहीत, घोटे दिसतात. तिची पकड पाहून लोक टाळ्या वाजवतात, तेव्हा माझे हात एकमेकांजवळ यायला जरा वेळ लागतो.

बीड जिल्ह्यातल्या माणसाला ‘हंगाम’ हा शब्द फोडून सांगावा लागत नाही. दसरा झाला, की मुकादमाच्या गाड्या लागतात. चुलीपासून कोंबडीपर्यंत सगळा संसार ट्रकवर चढतो, आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या नाहीतर कर्नाटकातल्या एखाद्या कारखान्याच्या फडाशेजारी पाचटाच्या कोपीत उतरतो. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. माणसे मोजायची ती अशी. पावसाळ्यातच उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत परतायचे नाव नाही. तुमच्या हाती हा अंक पडेल आणि तुम्ही चकलीचा तुकडा मोडीत हे पान उलटाल, तेव्हा आमच्या पंचक्रोशीतली कितीतरी घरे कुलूपबंद असतील. शाळेच्या सामन्यांचा हंगामही नेमका तेव्हाच रंगात येतो. तालुका, मग जिल्हा, मग विभाग. आपण जसजसे जिंकत जावे, तसतशी एकेक जागा रिकामी होत जावी, असा हा विचित्र खेळ आहे. म्हणून माझ्या वहीत प्रत्येक चौकोनाखाली एक बारीक ओळ असते : दसऱ्यानंतर आहे की नाही. यंदा सहा चौकोनांखाली ‘आहे’ लिहून झाले होते.

सातव्यासाठी मी तिच्या घरी गेले. आई भाकरी थापीत होती. तिने पोते अंथरले, कोरा चहा ठेवला.

“बाई, खेळाला मी न्हाई म्हनत न्हाई,” ती म्हणाली. “पर उचल घेतलीया. धाकट्याला फडात कोन बघंल? आन हिला हितं कुनापाशी ठिवू? सासूला धड दिसत न्हाई. थोरली पोर एकली मागं ऱ्हायली, की चार तोंडं चार गोष्टी बोलत्यात. मग म्हनत्यात, लगीनच लावून टाका.”

मी वसतिगृहाचे बोलले. गावोगाव अशा मुलांसाठी हंगामी वसतिगृहे निघतात. २०२१ साली ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबांच्या नावाने शासकीय वसतिगृहांची योजनाही आली. जिल्ह्याच्या वर खेळली तर दहावीला सवलतीचे गुण मिळू शकतात, हेही सांगितले. ती शांतपणे ऐकत होती. तव्यावरची भाकरी उलटून तिने विचारले, “समदं खरं. पर रातीला पोरीला ताप आला तर?”

“मी आहे ना, ताई.”

“किती राती?” ती म्हणाली.

तिच्या स्वरात कडवटपणा मुळीच नव्हता. मोळ्यांचा हिशेब विचारावा, तसे तिने विचारले होते. मी मनाशी मोजू लागले. दसऱ्यापासून पाडव्यापर्यंत धरल्या तरी दीडशेच्या पुढे राती होत होत्या. तो आकडा मी मोठ्याने सांगितला. तिने मान हलवली; खरा आकडा ऐकल्याचे तिला बरे वाटले असावे. मुलगी दाराच्या उंबऱ्याशी धाकट्या भावाला मांडीवर घेऊन बसली होती आणि आमच्या दोघींच्या पायांकडे बघत होती.

शेवटी ठरले ते असे : तालुक्याचे सामने होईपर्यंत ती राहील, जिंकलो तर जिल्ह्याचेही खेळेल; तोवर आजी आणि मी. पुढचे बाप मुकादमाशी बोलून बघेल. बाप ओसरीवर होता, तो एवढेच म्हणाला, “बघतो.” आमच्याकडे या शब्दाचे दोन्ही अर्थ होतात. मी घरी आले आणि चौकोनाखाली शिसपेन्सिलीने ‘जिल्ह्यापर्यंत’ असे लिहिले. बाकीचे सहा चौकोन शाईचे आहेत.

राखीव पाचांपैकी आठवीतली एक चुणचुणीत मुलगी आता डाव्या कॉर्नरला तयार करायची आहे. तिच्या वडिलांचे किराणा दुकान आहे, त्यामुळे ती कुठे जाणार नाही. तिला शिकवायचे कोणी, हा प्रश्न मी मुलींपुढे मांडला नव्हता. परवा सकाळी मैदानावर पोचायला मला थोडा उशीर झाला. कापसाच्या वेचणीला जाण्यापूर्वी खेळून घ्यायचे, म्हणून मुली उजाडताच आल्या होत्या. त्या कोपऱ्यात दोघीच उभ्या होत्या. मोठी चढाई करणारीचा पाय होऊन दाखवीत होती आणि धाकटी वाकून हात पुढे करीत होती.

“तोंडाकडं बघू नको,” मोठी सांगत होती. “तोंड खोटं बोलतंय. पायाकडं बघ. आन धरताना वर न्हाई धरायचं. ऊस कसा बुडाशी धरत्यात, तसा घोटा धर.”

“मी कुठं ऊस तोडलाय, अक्का?” धाकटी म्हणाली.

मोठीने जरा विचार केला.

“बरंय की मग,” ती म्हणाली. “तू नुसता घोटाच धर.”