अक्का कोमे ओतेल

इटलीत आल्यावर पहिल्याच आठवड्यात माझ्या नावातला 'ह' गेला.

तोरिनोतल्या एका सरकारी कचेरीत मी नंबर लावून बसले होते. खिडकीमागच्या बाईंनी हाक मारली, "आर्शादा?" मी इकडेतिकडे पाहिलं. तिसऱ्या हाकेला लक्षात आलं की ही आर्शादा म्हणजे मीच. खिडकीपाशी जाऊन म्हटलं, "हर्षदा." बाई गोड हसल्या आणि म्हणाल्या, "सी, सी, आर्शादा." मग फोनवर कुणाला तरी माझ्या नावाचं स्पेलिंग सांगायला लागल्या.

इटालियन लोक फोनवर स्पेलिंग सांगताना शहरांची नावं घेतात. आ कोमे आंकोना, बी कोमे बोलोन्या. 'कोमे' म्हणजे 'सारखा': आंकोनातला आ, बोलोन्यातला बी. पण एचसाठी घेण्यासारखं इटालियन शहर नाही, कारण तिथल्या शहरांची नावं एचपासून सुरू होत नाहीत. म्हणून तेवढ्या एका अक्षरासाठी परका शब्द वापरतात. बाई फोनवर म्हणाल्या, "अक्का कोमे ओतेल."

ओतेल म्हणजे हॉटेल. एच समजावून सांगायला निवडलेल्या शब्दातसुद्धा एच बोलायचा नाही! मला हसू आलं आणि लगेच गेलंही, कारण त्या वाक्यात आणखी एक शब्द होता. एच या अक्षराचं इटालियन नाव 'अक्का' आहे. आमच्या घरात आजीला सगळे अक्का म्हणायचे.

मी शिकायला आले होते. अभ्यासक्रम इंग्रजीत होता, पण दूध, भाडं, दवाखाना सगळं इटालियनमध्ये. म्हणून संध्याकाळी प्रौढांच्या सरकारी शाळेत नाव घातलं. वर्गात मोरोक्कोचे दोघे होते, पेरूच्या एक मावशी, एक युक्रेनची मुलगी आणि बांगलादेशचा एक मुलगा. मावशी वयाने साठीच्या. म्हाताऱ्या माणसांना सांभाळायचं काम करायच्या आणि दिवसभराची ड्युटी संपवून वर्गात यायच्या.

दुसऱ्या की तिसऱ्या तासाला 'माझ्याकडे आहे' हे क्रियापद आलं. फळ्यावर एच आणि ओ. मी आत्मविश्वासाने वाचलं, "हो." मराठी माणसाला याहून सोपा शब्द कुठला? 'मला भूक लागली आहे' हे वाक्य मी "हो फामे" असं म्हटलं, भूक लागल्याचं आधीच मान्य केल्यासारखं. बाई म्हणाल्या, "ओ फामे. एच मुका आहे." मुका एच म्हणजे इटालियनमध्ये 'अक्का मूता'. हे ऐकून मराठी माणसाचं काय होतं ते वेगळं सांगायला नको.

मोरोक्कोच्या एकाने हात वर केला. "बोलायचाच नाही, तर लिहायचा कशाला?"

वर्ग हसला. मी नाही हसले. हा प्रश्न मी आधी विचारलेला होता, लाल पेनाने, वयाच्या नवव्या वर्षी.

अक्काचं माहेर गोव्यातल्या पेडण्याचं. जन्म 1938चा. गावातल्या मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकली आणि लग्न होऊन सावंतवाडीकडे आली. आम्ही पुण्यात. ती दर महिन्याला अंतर्देशीय पत्र पाठवायची, निळ्या कागदाच्या कडेपर्यंत लिहिलेलं. बाबांना वेगळं आणि मला वेगळं. "चि. हर्षदा हिस अक्काचे अनेक आशीर्वाद. तुझें पत्र पोंचलें. येथें पाऊस लागला. गाईला पाडी झाली, तिचें नांव तूंच ठेव."

2005 साली मी चौथीत होते. आमच्या बाई शुद्धलेखनाच्या बाबतीत कडक. चुकलेल्या शब्दाभोवती लाल गोल, वर मार्क आणि खाली 'दहा वेळा लिही'. एका रविवारी मी अक्काचं पत्र घेऊन बसले आणि 'तुझें', 'पोंचलें', 'येथें', 'नांव', 'तूंच', 'पांच', 'कांहीं' अशा सगळ्या शब्दांभोवती गोल काढले. वर लिहिलं, 20 पैकी 6. खाली लिहिलं, 'हे टिंब आपण बोलत नाही, मग लिहितेस कशाला? प्रत्येक चुकलेला शब्द दहा वेळा लिहून पाठव.' घरातले सगळे हसले. बाबांनी कौतुकाने ते पत्र आपल्या पाकिटात घालून टाकलं.

त्यानंतर माझ्या नावाचं पत्र आलं नाही. फोनवर मी विचारायचे, तेव्हा ती म्हणायची, "पत्र नको गो, मी नापास होते." आणि हसायची. मीही हसायचे. 2014मध्ये ती गेली.

तर तोरिनोतल्या त्या वर्गात बाईंनी मोरोक्कोच्या मुलाला उत्तर दिलं. त्यांनी फळ्यावर दोन शब्द लिहिले, एक एच लावून आणि एक एचशिवाय. दोन्हींचा उच्चार 'आन्नो'. एच नसलेला म्हणजे वर्ष. एच असलेला म्हणजे 'त्यांच्याकडे आहे'. मग तशाच आणखी जोड्या. नुसता ओ म्हणजे 'किंवा', एच लावलेला ओ म्हणजे 'माझ्याकडे आहे'. कानाला काही फरक नाही, डोळ्याला आहे. पूर्वी इटालियनमध्ये माणूस, मान अशा कितीतरी शब्दांना एच लावायचे, कारण लॅटिनमध्ये तो होता. हळूहळू बाकीच्या शब्दांतून तो गेला आणि या एका क्रियापदाच्या चार रूपांपुरता उरला, दोन शब्दांची गल्लत होऊ नये म्हणून.

मी वहीच्या कोपऱ्यात लिहिलं: नांव, नाव.

अक्काच्या लेखनात नांव म्हणजे नाव आणि नाव म्हणजे होडी. पांच म्हणजे पाच आणि पाच म्हणजे हिरवं रत्न. 'तें' म्हणजे ते झाड, 'ते' म्हणजे ते लोक. आपण आता सगळं एकच लिहितो आणि संदर्भावरून समजून घेतो. 1962 साली मराठी साहित्य महामंडळाचे लेखनाचे नियम शासनाने मान्य केले, तेव्हा बोलण्यात न येणारे हे अनुस्वार गेले. ते काढायला कारण होतं. मुलांना शेकडो शब्दांवरची न ऐकू येणारी टिंबं पाठ करावी लागत, आणि ज्यांच्या घरात लिहिण्याची परंपरा नव्हती त्यांना ते जास्तच जड जात असणार. मी आजही ते नियम उलटवा म्हणणार नाही. पण अक्का शाळेत शिकली ती त्याच्या आधी. तिचं पत्र चुकलेलं नव्हतं. ते जुनं होतं, आणि हा फरक मला कुणी सांगितला नव्हता.

पुढच्या तासांना कळलं की मुकी अक्षरं एकाच जातीची नसतात. इटालियनमध्ये सी या अक्षरापुढे ए किंवा ओ आला की उच्चार 'क', आणि आय किंवा ई आला की 'च'. मग 'चाओ' कसं लिहायचं? सी आणि ए यांच्यामध्ये एक आय घालतात. तो आय बोलायचा नाही. त्याचं काम फक्त सीला मऊ करायचं. तो काढला तर 'काओ' होईल. एच नेमकं उलटं काम करतो. तो सी आणि ई यांच्यामध्ये उभा राहून 'च'चा 'क' करतो. आपल्याकडच्या कॅफेत ज्याला 'ब्रुशेटा' म्हणतात ते 'ब्रुस्केत्ता' असतं ते या एचमुळे. स्पॅगेटीतला एच काढला तर इटालियन माणूस 'स्पाजेत्ती' वाचेल. आणि आपण ज्याला जिओव्हानी म्हणतो तो 'जोवान्नी', कारण त्यातला पहिला आय फक्त जीला 'ज' करायला आलेला असतो.

वर्गातल्या बाकीच्यांना हे डोक्यावरून जायचं. इटालियनमध्ये त्यालाही 'अक्का न कळणं' असाच वाक्प्रचार आहे, म्हणजे काडीचंही न कळणं. मला मात्र ते कळत होतं, कारण शेजारच्या स्वराने व्यंजन बदलणं आपल्या अंगवळणी आहे. 'माझा' म्हणा आणि 'माझी' म्हणा. 'त्याचा' म्हणा आणि 'त्याची' म्हणा. अक्षर तेच, पण 'ई' आली की झ आणि च वेगळ्या जागी लागतात. हे आपल्याला कुणी शिकवलेलं नसतं.

एकदा बसमध्ये आईला मेसेज टाइप करत होते: 'जेवण झालं, सगळं आवरलं.' आणि अंगठा थांबला. या तीन टिंबांतलं एक तरी टिंब मी नाकातून बोलते का? नाही. पण ते काढलं तर 'झाल', 'सगळ', 'आवरल' होईल. शेवटचा 'अ' गिळला जाईल. टिंब स्वतः बोलत नाही, शेजारच्याला गप्प बसू देत नाही. 'चाओ'मधल्या आयसारखंच. अक्काला बोलायचं नाही ते टिंब लिहितेस म्हणून सहा मार्क देणारी मी, न बोलायची टिंबं रोज शेकड्याने पाठवत होते. आणि ती नियमाला धरून होती.

तिसरी जात सगळ्यात हट्टी. 'चेलो' म्हणजे आकाश. त्यात सीपुढे ई असल्यामुळे 'च' आपोआप होतो, तरीही मध्ये एक आय लिहितात. तो कुणाचा उच्चार बदलत नाही. पूर्वी कधी तरी तो बोलला जात होता, एवढंच. बाजारात तर गंमतच. पोर्ता पालाझ्झोच्या मंडईत जूनमध्ये चेरीचे ढीग लागतात आणि पुठ्ठ्यावर हाताने भाव लिहिलेला असतो. चेरीचं अनेकवचन 'चिल्येजे'. नियमाने त्यात शेवटच्या ईआधी न बोलायचा आय लिहायचा, संत्र्यांच्या अनेकवचनात मात्र नाही लिहायचा. आधी स्वर की व्यंजन यावर ते ठरतं. पुठ्ठ्यांवर आय अर्ध्या वेळेला नसतो. ज्यांची ती जन्मभाषा आहे तेही चुकतात आणि चेरी विकली जाते. इटालियन पोरं मेसेजमध्ये 'के'साठी सी-एच-ई न लिहिता सरळ केचं अक्षर वापरतात, आपण मराठी रोमनमध्ये लिहितो तसं, आणि त्यांच्या शिक्षिका कपाळाला हात लावतात.

वसंताच्या सुट्टीत फिरेन्झेला गेले. या शहरात 1583 साली अक्कादेमिया देल्ला क्रुस्का ही भाषेची संस्था सुरू झाली आणि तिने 1612मध्ये इटालियनचा मोठा शब्दकोश छापला. प्रमाण इटालियनचा पाया फिरेन्झेची भाषाच. तिथल्या एका कॅफेत शेजारच्या मुलाने कोका-कोला मागितला. मी ऐकलं ते असं: "होहा-होला." दोन स्वरांमध्ये सापडलेल्या 'क'चा 'ह' करणं ही तिथली बोली आहे. 'ला कासा' म्हणजे घर, ते म्हणतात 'ला हासा'. म्हणजे ज्या भाषेत लिहिलेला ह कुणी बोलत नाही, त्या भाषेच्या माहेरी लोक न लिहिलेला ह खुशाल बोलत होते!

परतीच्या गाडीत मला पेडणं आठवलं. कोकणीत आजही विचारतात, "तुजें नांव कितें?" आणि तो 'नांव' खरोखर नाकातून येतो. अक्का माहेरच्या माणसांशी कोकणीत बोलायची. लहानपणी मला ते गुणगुणल्यासारखं वाटायचं. ती पत्रात 'नांव' लिहायची तेव्हा कदाचित शाळेत शिकलेला नियम पाळत असेल. पण ते टिंब तिला ऐकूही येत असणार. 'हे आपण बोलत नाही' असं मी लिहिलं होतं. त्या 'आपण'मध्ये मी तिला विचारलं नव्हतं.

लॅटिन कवी कातुल्लुसची एक छोटी कविता आहे, आर्रियुस नावाच्या माणसाची टर उडवणारी. हा आर्रियुस नसलेल्या ठिकाणीही ह लावून बोलायचा, बहुधा भारदस्त वाटावं म्हणून. दोन हजार वर्षांपूर्वीही ह कुठे म्हणायचा आणि कुठे नाही यावरून माणसं एकमेकांना हसत होती. मला ती गोष्ट बाईंनी सांगितली तेव्हा पेरूच्या मावशी हळूच म्हणाल्या, "बिचारा. प्रयत्न करत होता."

त्या रात्री मी आईला मेसेज केला: अक्काची जुनी पत्रं कुठे आहेत का? आई तेव्हा सावंतवाडीलाच होती, घर आवरायला. दोन दिवसांनी उत्तर आलं. पत्रं सापडली नाहीत, ट्रंकेत पाणी गेलं होतं. पण दुधाच्या हिशोबाची एक वही सापडली, तिच्या शेवटच्या पानांवर काही तरी लिहिलंय, तुझ्याशी संबंध आहे का बघ. खाली तीन फोटो.

मी फोटो मोठा केला. निळी शाई आणि तिचं ते उजवीकडे कललेलं अक्षर. पहिल्या पानावर 'काही' दहा वेळा. मग 'पाच' दहा वेळा, 'येथे' दहा वेळा. सदुसष्ट वर्षांच्या बाईने नऊ वर्षांच्या नातीचा गृहपाठ केला होता. पाठवला नव्हता.

तिसऱ्या फोटोत 'नाव' होतं. पहिली सहा टिंबाशिवाय, जपून लिहिलेली. सातव्यावर टिंब आलं होतं आणि खोडलं होतं. आठव्यावरही तसंच. नववं पुन्हा टिंबाशिवाय, अक्षर थोडं दाबून. दहावं तिने 'नांव' असं लिहिलं होतं, आणि ते टिंब खोडलं नव्हतं.