फिनलंडीकरण : शिवी की सल्ला?

हेलसिंकीहून तुर्कूला जाणारा लोहमार्ग पोर्कालाच्या भागातून जातो. १९४४च्या युद्धविरामानंतर हा प्रदेश सोव्हिएत संघाने नाविक तळासाठी पन्नास वर्षांच्या भाडेपट्ट्यावर घेतला. पुढे फिनिश गाड्यांना तिथून जायची मुभा मिळाली, पण हद्दीवर खिडक्यांवर झडपा ठोकल्या जात आणि सोव्हिएत इंजिन जोडलं जाई. आपल्याच देशातली शेतं दिसू नयेत म्हणून माणसं बंद डब्यात बसून राहत. ‘जगातला सगळ्यात लांब बोगदा’ म्हणत ते त्याला. १९५६मध्ये पोर्काला परत मिळालं.

‘फिनलंडीकरण’ हा शब्द मात्र त्या प्रवाशांचा नव्हे. तो पश्चिम जर्मनीत साठच्या दशकात रुळला, बलाढ्य शेजाऱ्यापुढे मान तुकवणं या अर्थाने, शिवीसारखा. शिवी देणाऱ्यांच्या पाठीशी अमेरिकेचं सैन्य उभं होतं. फिनलंडने १९३९चा हिवाळा सोव्हिएत संघाशी जवळजवळ एकट्याने झुंजून काढला होता, कारेलिया गमावला होता, तिथून उठलेल्या चार लाखांवर लोकांना नव्याने वसवलं होतं. सोव्हिएत संघाशी झालेला १९४८चा मैत्री करार त्या अनुभवातून आला.

त्याची किंमतही मोजावी लागली. १९७३मध्ये राष्ट्राध्यक्ष केक्कोनेन यांची मुदत निवडणुकीविना, खास कायद्याने चार वर्षं वाढवली गेली. सोव्हिएत श्रमछावण्यांवरचं सोल्झेनित्सिन यांचं ‘गुलाग’ छापायला फिनिश प्रकाशक कचरला. हे मला आजही खुपतं. तरी संसद टिकली आणि सक्तीची लष्करी सेवा कधी थांबली नाही.

२०१४मध्ये किसिंजर आणि ब्रेझिन्स्की या अमेरिकी मुत्सद्द्यांनी युक्रेनपुढे फिनलंडचाच दाखला ठेवला. कालची शिवी आज सल्ला झाली, आणि तीही पुन्हा दुसऱ्याच कुणाच्या तोंडून! याचा मला राग येतो. कारण रशियाने क्रायमिया गिळला तेव्हा युक्रेन कायद्यानेच अलिप्त होता; २०१०मध्ये त्याने तसं ठरवलं होतं. तटस्थता पाळणारा एकटा पुरत नाही, ती मानणारा शेजारीही लागतो. सल्ला देणाऱ्यांनी या शेजाऱ्याची हमी कुठून आणली असती?

फिनलंडला रशियाची सरहद्द आहे सुमारे १,३४० किलोमीटरची. फेब्रुवारी २०२२पर्यंत तिथल्या बहुसंख्य लोकांना नाटो नको होतं. युक्रेनवर हल्ला झाला आणि काही आठवड्यांत कौल फिरला. ४ एप्रिल २०२३ला फिनलंड नाटोत गेला. या वेळी निर्णय त्यांचा होता, आणि त्याला नाव द्यायची घाई कुणी केली नाही.