मिलानच्या स्टेशनाखाली

युरोपला फिरायला जाणारी आपल्याकडची मंडळी मिलान शहरात एखादा मुक्काम करतातच. तिथले मुख्य स्टेशन म्हणजे 'मिलानो चेंत्राले'. वास्तुकार उलिस्से स्ताक्कीनी यांच्या आराखड्यानुसार बांधलेले हे स्टेशन 1931 साली, मुसोलिनीच्या राजवटीत, सुरू झाले. 24 फलाट, त्यांवर पोलाद-काचेच्या प्रचंड कमानी, दर्शनी भागावर पंख असलेले दगडी घोडे! आम्हीही सगळ्यांसारखे मान वर करून पाहत राहिलो.

पण खरे पाहण्यासारखे आहे ते खाली. फलाटांच्या पोटात टपालाचे डबे भरण्याची जागा होती. भरलेले डबे लिफ्टने वर रुळांवर चढवले जात. 1943 ते 1945 या काळात याच जागी टपालाऐवजी माणसे भरली गेली. त्यांत यहुदी होते, राजकीय कैदीही होते. सारे खालीच उरकत असल्याने वरच्या प्रवाशांना काही दिसत नसे.

30 जानेवारी 1944 रोजी सहाशेहून अधिक यहुदींना इथून आउशविट्झला नेण्यात आले. त्यांत लिलियाना सेग्रे ही 13 वर्षांची मुलगी वडिलांसोबत होती. वडील छावणीतच मारले गेले. ती वाचली, आणि 2018 मध्ये इटलीची आजीवन सिनेटर झाली.

आता या जागी स्मारक आहे. 'बिनारियो 21', म्हणजे 21 नंबरचा फलाट, या नावाने ते ओळखले जाते. आत त्या काळचे लाकडी डबे उभे आहेत. वरून गाडी गेली की जमीन थरथरते. दाराशी लांबलचक भिंतीवर एकच शब्द कोरला आहे: 'बेपर्वाई'. हा शब्द सेग्रे यांनीच सुचवला. जुलूम करणारे थोडेच होते. पाहून न पाहिल्यासारखे करणारे फार होते, असे त्यांचे म्हणणे.

2015 च्या उन्हाळ्यात सीरिया, इरिट्रिया अशा देशांतून जीव वाचवून आलेले निर्वासित मिलान स्टेशनवर उतरत होते. त्यांत बायका-मुले होती, मुसलमान कुटुंबेही होती. तेव्हा स्मारकाच्या लोकांनी दार उघडले आणि रात्री झोपायला खाटा मांडल्या. जिथून यहुदींना मरणाकडे पाठवले गेले, तिथे हजारो परक्या मुसाफिरांना आसरा मिळाला. देणाऱ्यांनी त्यांचा मजहब विचारला नाही.

मिलानला गेलात तर मुलांना घेऊन खाली जरूर उतरा. भिंतीवरच्या त्या शब्दाचा अर्थ मुले विचारतील. तो त्यांना तिथेच समजावून सांगा.