तलावाच्या फाटकाशी आजी-आजोबा

मुलाकडे परदेशी निघालेले ज्येष्ठ नागरिक सहा महिन्यांच्या औषधांची चिठ्ठी घेण्यासाठी माझ्या दवाखान्यात येतात. रक्तदाब पाहून झाला की मी त्यांना एक प्रश्न आवर्जून विचारतो: घराच्या आवारात पोहण्याचा तलाव आहे का? सिडनीला जाणाऱ्यांपैकी काहींचे उत्तर ‘हो’ असे येते, आणि दिवसभर नातवंडाला सांभाळायचे असते ते त्यांनीच.

वाचकहो, सिडनी ज्या न्यू साउथ वेल्स राज्यात आहे, तेथे यासाठी १९९२चा स्वतंत्र कायदा आहे. ३० सेंटिमीटरहून अधिक खोल पाणी मावणाऱ्या तलावाभोवती साधारणतः किमान १.२ मीटर उंचीचे कुंपण लागते. कुंपणाखालची फट १० सेंटिमीटरपेक्षा अधिक नको. फाटक तलावाच्या विरुद्ध दिशेला उघडणारे, आपोआप मिटणारे आणि आपोआप कडी लागणारे हवे. तलावाची नोंदणी सक्तीची आहे. तपासणीच्या दाखल्याची मुदत ३ वर्षे असते.

मात्र निरीक्षक रोज येत नाही. रोजची तपासणी आपल्याच हाती आहे. फाटक थोडे उघडून सोडून द्या. ते मिटून कडी लागलीच पाहिजे. गुडघे दुखतात म्हणून फाटकाला वीट लावून ते उघडे ठेवू नका. कुंपणालगत खुर्ची किंवा कुंडी असेल, तर लगेच दूर करा. लहान मुलाला चढायला तेवढी पुरते.

बुडणारे मूल बहुधा ओरडत नाही. म्हणून कानांवर विसंबू नका, डोळ्यांसमोर ठेवा. सर्दीच्या काही गोळ्यांनी गुंगी येते. वामकुक्षीपूर्वी ‘आता तू बघ’ असे सुनेला किंवा मुलाला स्पष्ट सांगा आणि त्यांचा होकार ऐका.

दुर्दैवाने प्रसंग ओढवलाच, तर मुलाला बाहेर काढून ००० या क्रमांकावर मदत मागवा. उलटे धरून किंवा पोट दाबून पाणी काढण्यात वेळ दवडू नका. श्वास थांबला असेल तर छातीवर ३० दाब आणि तोंडाने २ श्वास, हा क्रम मदत येईपर्यंत चालू ठेवा. निघण्यापूर्वीच हे प्रत्यक्ष शिकून घ्या.

आणि पोहोचल्यावर पहिल्याच दिवशी मुलाकडे तपासणीचा दाखला मागा. त्याला तो आगाऊपणा वाटला, तरी मागा.