आत्याच्या ओवीतली लेक

आमच्या थोरल्या आत्याला बोलता बोलता रडताना मी कधी पाहिलं नाही. ती रडायची फक्त जात्यावर, आणि तेही सीतेच्या ओव्या आल्या म्हणजे.

मुळशीच्या डोंगरातलं आमचं गाव. आत्याचं लग्न लहान वयात झालं, थोड्याच दिवसांत नवऱ्यानं टाकलं आणि ती माहेरी आली ती कायमची. काय झालं, कसं झालं, याबद्दल तिच्या तोंडून अवाक्षर निघालं नाही. कोणी विषय काढलाच तर ती उठून गोठ्यात जायची.

कोंबडं आरवायच्या आत नाचणीचं दळण सुरू व्हायचं. आत्या आणि आई समोरासमोर बसायच्या, दोघींचा एकेक हात खुंट्यावर. रिकाम्या हातानं आत्या वैरण घालायची. पहिल्या ओव्या देवांच्या: विठोबाची, तुळशीची, वाघजाईची. मग आईबापाच्या, मग भावाच्या. भावाच्या ओवीत आत्या माझ्या वडिलांचं नाव गुंफायची आणि आई अंधारात हसायची. दळण निम्म्यावर आलं की सीता यायची. पोटुशी बाई, रानात सोडलेली, बाळंतपणाला जवळ माणूस नाही. आत्याचा सूर तसाच राहायचा, जात्याची घरघरही तशीच. फक्त एखाद्या ओवीच्या शेवटी ती अडली की पुढची ओवी आई उचलायची. मी आत्याच्या मांडीवर डोकं ठेवून पडलेली असे. माझ्या गालावर कोमट थेंब पडायचे. पिठानं माखलेल्या हातानं ती ते पुसायची आणि गालावर नाचणीचा पट्टा उमटायचा. शाळेत जाताना आई तो पदरानं पुसून काढायची. विचारायची काही नाही.

मोठेपणी पुष्कळ ओव्या वाचल्या, ऐकल्या. साने गुरुजींनी ‘स्त्री जीवन’मध्ये गोळा केलेल्या वाचल्या. जात्यावरच्या बायका सीतेच्या बाजूनं किती ठामपणे उभ्या राहतात, हे तेव्हा नीट कळलं. ज्या घरात रोज रामाची आरती होते, त्याच घरात पहाटे दोन बायका सीतेला रानात का सोडलं म्हणून विचारत असतात. स्वतःच्या सासरबद्दल जे बोलायची सोय नव्हती, ते आत्या सीतेच्या नावानं बोलत होती, आणि आईला ते कळत होतं.

माझं शिक्षण त्या जात्यावर झालं. ज्या घरी बाळंतीण असे किंवा म्हातारीचं अंग चालत नसे, त्या घरचं दळण आत्या करून द्यायची. मिळालेलं धान्य घरात जायचं, पैसे तिच्या कनवटीला. जूनमध्ये शाळा उघडली की ती कनवटी माझ्या वह्या-पुस्तकांसाठी सुटायची. पुढं गावात डिझेलवरची गिरणी आली आणि बायकांचे खांदे सुटले. बरंच झालं. त्या कष्टांचे गोडवे मी कधीच गाणार नाही. आत्याच्या तळहाताचा घट्टा ती गेली तेव्हाही तसाच होता. पण गिरणीच्या रांगेत ओवी म्हणता येत नाही. पहाटेचा अंधार आणि जात्याचा आवाज यांच्या आडोशानं बायका मनमोकळं रडून घेत होत्या, तो आडोसा मात्र गेला.

माझ्या हळदीला जातं पुन्हा बाहेर निघालं. खुंट्याला हळकुंड बांधलं, सवाष्णी जमल्या. आत्या दारात उभी राहिली. नवरा हयात म्हणून ती सवाष्ण, आणि टाकलेली म्हणून नाही. बायकांत कुजबुज सुरू झाली. आजीनं कोणाकडे पाहिलंसुद्धा नाही. तिनं आत्याचं मनगट धरलं, तिला जात्यापाशी आणून बसवलं आणि तिचा हात खुंट्यावर ठेवला. ‘गा गं,’ एवढंच म्हणाली.

आत्यानं लेक सासरी निघाल्याची ओवी धरली. त्या ओवीत लेकीचं नाव घ्यायची जागा असते. आत्यानं तिथं माझं नाव घातलं, आणि गाणारी माय ती स्वतः झाली. आई समोरच बसली होती. तिनं पुढची ओवी उचलली आणि तिथल्या तिथं रचून गायली, की माझ्या लेकीला माया दोन. मग मांडवात कोणाचेच डोळे कोरडे राहिले नाहीत. मघाशी कुजबुजणाऱ्या बायकाही रडल्या, आणि आपापल्या लेकींची नावं घालून गायला लागल्या.

आमच्याच डोंगरात हेमा राईरकर आणि फ्रान्समधून येऊन पुण्याचे झालेले गी पॉइतवाँ यांनी काम केलं, हे मला पुण्यात आल्यावर समजलं. त्यांनी आणि गावोगावच्या बायकांनी मिळून महाराष्ट्राच्या हजारावर गावांतून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, गाणारीच्या नावागावासह. ‘पारी’ म्हणजे ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया’च्या संकेतस्थळावर त्या आता वाचायला-ऐकायला मिळतात. परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्या गंगुबाई अंबोरे यांचा १९९६ साली ध्वनिमुद्रित केलेला आवाज मी तिथं ऐकला. आमच्या गावापासून इतक्या लांबची ती बाई. पण तो आवाज ऐकताना मला वाटलं, आमची आत्या एकटी नव्हती. ओव्या गोळा करणाऱ्या या सगळ्यांचे उपकार मी मानते.

बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हतं. त्यांच्या लेकानं, सोपानदेवांनी, आणि सोपानदेवांच्या मावसभावानं गाणी उतरवून ठेवली, म्हणून त्या १९५१ मध्ये गेल्यावर पुढच्याच वर्षी अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघालं. आत्याच्या ओव्या मी आईकडून उतरवून घेतल्या. आईला त्या येतातच. आत्या अडली की तीच तर त्या उचलत होती.

तुमच्या घरात जात्यावर दळलेली आजी, आत्या, मावशी अजून असेल, तर या सुट्टीत तिच्यापाशी बसा आणि तिला गायला सांगा. मधेच ती रडली तर थांबवू नका, विषय बदलू नका. ओवीत कोणाचं नाव घेतलं आणि का, ते तिला सावकाश विचारा. आणि लिहून घेतलेल्या ओवीखाली तिचं नाव, सासरचं गाव आणि माहेरचं गाव, तिन्ही लिहा.