पदवीच्या आधींची उमेदवारी

कॉलेजांत जाऊन काय शिकावें, हा प्रश्न शाळा सोडतांना प्रत्येक विद्यार्थ्याच्या मनांत येतो. कॉलेजांतून बाहेर पडून काय करावें, हा प्रश्न मात्र बहुधा बाहेर पडल्यावरच सुचतो. आम्हांस तो थोडा लवकर सुचला, परंतु तो आमच्या शहाणपणामुळें नव्हे, एका चुकीमुळें. याच शाळेच्या बाकांवर एके काळीं बसलेले आम्ही ती चूक आमच्या धाकट्या बंधुभगिनींस सांगूं इच्छितों.

शाळा सोडून आम्ही स्थापत्यशास्त्राच्या अभ्यासासाठीं पुण्यास गेलों. परीक्षेंत आमचा क्रमांक वरचा असे. त्या अर्थीं विद्या आपणांस आली, अशी आमची प्रामाणिक समजूत होती. दुसऱ्या वर्षाच्या उन्हाळी सुट्टींत घरीं आलों, तेव्हां वडिलांनीं गांवांतीलच एका कंत्राटदाराकडे आम्हांस कामावर धाडलें. पगार नाहीं, डबा घरचा, आणि एका वृद्ध मिस्त्रींच्या हाताखालीं काम! मिस्त्री मराठी चौथीपर्यंत शिकलेले. उद्यांच्या इंजिनियरानें त्यांच्या हुकमांत वागावें, हें आम्हांस अपमानाचें वाटलें.

तिसऱ्या दिवशीं एका दुमजली इमारतीचा खांब ओतावयाचा होता. मिस्त्री म्हणाले, "साहेब, गडी माल नीट कोंचताहेत ना, तेवढं तुम्ही बघा." "त्यांत काय अवघड आहे, मिस्त्री?" असें म्हणून आम्ही वही घेऊन सावलींत बसलों व सिमेंट, वाळू आणि खडी यांच्या प्रमाणाचा हिशेब मांडीत राहिलों. उन्हानें त्रासलेल्या गड्यांनीं माल भराभर ओतला; सळईनें तो नीट कोंचला मात्र नाहीं. दुसऱ्या दिवशीं फळ्या सोडल्या, तों खांबाच्या पायथ्याशीं मधमाशांच्या पोळ्याप्रमाणें भोंकें पडलेलीं व आंतल्या सळया उघड्या दिसत होत्या.

काँक्रीट २८ दिवसांत किती ताकद धरतें, हें आम्हांस तोंडपाठ होतें. परंतु सिमेंट आळूं लागण्यापूर्वीं आंतली हवा काढून माल कोपऱ्याकोपऱ्यांत बसविला नाहीं, तर पुढचे २८ दिवस ती उणीव भरून काढूं शकत नाहींत, हें मनावर ठसलें नव्हतें. खांब फोडावा लागला. कंत्राटदार आम्हांस एक शब्दही बोलले नाहींत. त्यांचें नुकसान आम्हीं उघड्या डोळ्यांनीं पाहिलें. मिस्त्रींनीं छिन्नी आमच्या हातीं दिली व ते म्हणाले, "साहेब, लागा फोडायला. आपल्या हातानं फोडलेलं जन्मभर ध्यानात राहतं." हातांस आलेले फोड आठवड्यांत बरे झाले, वरच्या क्रमांकाचा गर्व मात्र पुन्हां डोकें वर काढूं शकला नाहीं.

सुट्टी संपवून वर्गांत परतलों, तेव्हां पुस्तकें तींच होतीं. पूर्वीं आम्ही उत्तरें पाठ करण्यासाठीं वाचीत असूं. आतां आमच्याजवळ स्वतःचे प्रश्न होते. पुढील प्रत्येक सुट्टी आम्हीं कामावर घालविली. मोजमापाची वही कशी लिहावी, मजुरांची हजेरी कशी घ्यावी, चूक झाली तर ती आधीं आपणच कशी सांगावी, हें तेथेंच शिकलों. आमचा एक सोबती मात्र एकाच सुट्टींत धुळीस कंटाळला व आराखड्यांच्या कामाकडे वळला. त्याची सुट्टी वायां गेली असें कोण म्हणेल? जें आपलें नव्हे तें वेळींच कळणें, हाही लाभच होय.

ही वाट नवी नाहीं. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या हे बंगळूरास कॉलेजांत असतां शिकवण्या करून आपला खर्च भागवीत. तेच पुढें पुण्याच्या सायन्स कॉलेजांतून १८८३ सालीं परीक्षेंत पहिले आले व १८८४ सालीं मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यांत रुजू झाले. कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं १९४७ सालीं साताऱ्यास कॉलेज काढलें, तें 'कमवा आणि शिका' याच तत्त्वावर. सरकारनेंही १९६१ सालीं शिकाऊ उमेदवारांचा कायदा केला, आणि १९७३ च्या दुरुस्तीनें पदवीधर व पदविकाधारक अभियंत्यांसही त्यांत स्थान मिळालें.

पालकांस आमची विनंती एवढीच कीं, "आधीं पदवी मिळूं दे, मग पोटाचें पाहूं," असें मुलांस सांगूं नये. अभ्यास बुडवून काम करावें, असें आमचें म्हणणें नाहीं. वर्षाची एक सुट्टी पुरे. मुलगी वकिलीकडे जाणार असेल तर तिनें कचेरींत कागद लावावे; मुलास हिशेबाची आवड असेल तर त्यानें एखाद्या दुकानाची खातेवही पाहावी. काम लहान असावें, पण खरें असावें; आणि चूक दाखविणारें वडीलधारें माणूस जवळ असावें.

फोडलेल्या खांबाच्या जागीं नवा खांब आमच्या देखरेखीखालीं उभा राहिला. गांवीं गेलों म्हणजे आम्ही अजून त्यावर हात ठेवून येतों. तुमचा पहिला खांब कच्चा निघाला, तरी तो कॉलेजांत असतांनाच निघो, हीच आमची सदिच्छा!